राज्य कोणावर?

जून संपत आला होता. पावसाने दोन दिवस उघडीप दिली म्हणून मुलांना मागच्या पटांगणात काढलं आणि शिवाशिवी मांडली. बालवाडीत तेव्हा एकोणीस मुलं होती, सगळी तीन ते पाच वर्षांची. एवढ्या लहानांना चकता येत नाही, तळवा उपडा की उताणा यातच गोंधळ होतो. म्हणून मीच एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजते आणि शेवटचा आकडा ज्याच्यावर येईल त्याच्यावर राज्य. त्या दिवशी आकडा एका नव्या मुलावर आला. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, छोटू म्हणते.

"छोटू, तुझ्यावर राज्य आलं रे. पळ, कुणाला तरी शिव."

तो जागचा हलला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पायाखालच्या चिखलाकडे बघत म्हणाला, "नको. स्किप."

मला आधी कळलंच नाही. "काय म्हणालास?" विचारलं, तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला आणि हवेत, खालच्या उजव्या कोपऱ्यात, बोट टेकवलं. "स्किप."

बाकीची मुलं पळायच्या तयारीत उभी होती. एक मुलगी तर त्याच्यासमोर येऊन खांदा पुढे करून उभी राहिली, त्याला शिवायला सोपं जावं म्हणून. तो तिला वळसा घालून गेला आणि भिंतीला टेकून बसला. खेळ तिथेच मोडला.

कऱ्हाडजवळच्या एका गावात मी बावीस वर्षं बालवाडी चालवते. राज्य नको म्हणून भोकाड पसरणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. राज्य कुणालाच नको असतं. पण रडणाऱ्या मुलाला एक गोष्ट माहीत असते, की समोर माणसं आहेत आणि आपण रडलो तर ती काहीतरी करतील. रागावतील, समजूत घालतील, नाहीतर चिडवतील. छोटू रडला नाही. मोबाइलवरच्या जाहिरातीसारखी नको असलेली गोष्ट पाच सेकंदांत निघून जाते, एवढ्या खात्रीने तो नुसता थांबला होता. ती गेली नाही तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हट्ट म्हणता येणार नाही. तो चक्रावला होता. त्या चेहऱ्याने मला रात्री झोप लागू दिली नाही.

राज्य हा शब्द आपल्या खेळांत कसा आला कोण जाणे. गोष्टीतल्या राजाच्या भोवती सगळे गोळा होतात, आणि खेळात ज्याच्यावर राज्य येतं त्याच्यापासून सगळे लांब पळतात. तो एकटा, बाकी सगळे एकीकडे. चार वर्षांच्या मुलाला हे पेलायचं असतं. थोडा वेळ आपण एकटे पडणार, पण हा खेळ आहे, कुणाला तरी शिवलं की आपण परत त्यांच्यातले. हे कुणी शिकवून येत नाही. दहा वेळा राज्य येऊन, दोनदा रडीचा डाव खेळून, एकदा सगळ्यांनी "रडका" म्हणून चिडवल्यावर घरी पळून जाऊन आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन ते अंगात मुरतं.

आणि मुलांनी त्यात किती सोयी करून ठेवल्या आहेत! पळता पळता चपलेचा पट्टा तुटला तर अंगठा दाखवून "टाइमप्लीज" म्हणायचं, मग कुणी शिवायचं नाही. त्या वेळी शिवणारा हात खरोखर हवेत थांबतो. पंच नाही, शिट्टी नाही, एका मुलाच्या शब्दावर दुसऱ्याचा हात थांबतो. भांडण झालं तर करंगळी दाखवून कट्टी, आणि दोन बोटं जोडून बट्टी. ही बट्टी कधी होते हे मी कितीतरी वेळा बारकाईने पाहिलंय. शब्द बहुतेक शेवटी येतात. आधी एकजण मुद्दाम दुसऱ्याच्या जवळून जातो. मग खडू पाडतो. दुसरा तो उचलतो, देत नाही, हातात धरून ठेवतो. पहिला हसू दाबतो. दुसऱ्याला ते दिसतं. मग बोटं पुढे येतात. दोन चेहऱ्यांमध्ये चाललेली ही बोलणी एखाद्या वेळी अर्धा तास चालतात, आणि मध्ये मोठं माणूस पडलं की फिसकटतात.

या सगळ्यांत मला सर्वांत लाडकं आहे ते कच्चं लिंबू. कुणाचा धाकटा भाऊ मागे लागतो, त्याला घेतलं तर खेळ बिघडतो, नाही घेतलं तर तो रडतो. मग ठरतं, हा कच्चं लिंबू. तो पळेल, ओरडेल, लपेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. सात-आठ वर्षांची पोरं कुणी न सांगता हे करतात. जो अजून तयार नाही त्याला बाहेर ठेवायचं नाही, आत घ्यायचं आणि त्याच्यापुरता नियम सैल करायचा. कुठल्या पुस्तकात वाचून केलेली व्यवस्था नाही ही, गल्लीतल्या पोरांनी पिढ्यान्पिढ्या चालवलेली आहे.

मोबाइल राज्य देत नाही. कट्टी घेत नाही. मुलाने त्याला चावलं तरी तो "आई गं" म्हणत नाही. मुलाला हवं तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद, कंटाळा आला की पुढचं. दिवसाचे तीन-चार तास जगातली सर्वांत ऐकणारी वस्तू हातात असलेलं मूल जेव्हा एकोणीस मुलांच्या पटांगणात येतं, तेव्हा त्याला ती एकोणीस मुलं फार हट्टी वाटत असली पाहिजेत.

मुलं तीच आहेत, आधी हे सांगते. "हल्लीची मुलं" म्हणून सुरू होणारी वाक्यं मला आवडत नाहीत. पण बालवाडीत पहिल्या आठवड्यात जे दिसायचं आणि आता जे दिसतं त्यात फरक पडला आहे. पूर्वी नवीन मूल आईच्या पदराला धरून रडायचं, पण रडता रडता दुसऱ्या रडणाऱ्याकडे बघायचं. एकाचं बघून दुसऱ्याचं रडू वाढायचं, एक हसला की दुसरा थांबायचा. आता काही मुलं रडतही नाहीत. येतात आणि बसतात. इंग्रजी रंग येतात, आकार येतात, डायनासोरची मला म्हणता येणार नाहीत अशी नावं येतात. पण पाणी हवं असेल तर तोंडाने मागत नाहीत, माझं मनगट धरून माठापाशी ओढत नेतात. शेजारच्याने ठोकळा हिसकावला तर त्याच्याकडे बघत नाहीत, ठोकळा गेला त्या रिकाम्या जागेकडे बघतात.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा मी हातातलं काम टाकून बसले होते. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी बाई जमिनीवर बसून खेळणी दाखवायची, पुस्तक वाचायची. अशा बारा बैठका. दुसऱ्या गटाला तशाच बायका, तीच खेळणी, तेच बोलणं, फक्त टीव्हीच्या पडद्यावर. महिन्याभराने पाहिलं तर पहिल्या गटाला चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद कळू लागले होते. पडद्यावर बघणाऱ्यांच्या कानांत काहीच उतरलं नव्हतं, जणू त्यांनी ती भाषा ऐकलीच नव्हती. पडद्यातली बाई बोलत होती, पण बाळाने डोळे वळवले तर तिला ते दिसत नव्हतं. बाळ हसलं म्हणून ती थांबत नव्हती.

म्हणूनच पडदा म्हटला की सगळं एका मापाने मोजू नये असं मला वाटतं. माझी बहीण मस्कतला असते. तिची नात इथे, दोन वर्षांची. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. ती पोर बाहुलीच्या वाटीतला खोटा घास फोनला लावते आणि थांबते. पलीकडे बहीण तोंड हलवते, "हं, मीठ कमी पडलं गं" म्हणते. पोर पळत जाऊन खोटं मीठ आणते. ही थांबायची कला पडद्यावरच चालली आहे, कारण पलीकडे उत्तर देणारं माणूस आहे. दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवे शब्द शिकतात आणि आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून तसे शिकत नाहीत, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. अगदी लहान बाळांना पडदा नकोच म्हणणारे बालरोगतज्ज्ञही नातेवाइकांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलला त्यातून सूट देतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. हाक मारली तर वळून बघायची नाही, इतर मुलांत मिसळायची नाही, साडेतीन वर्षांची झाली तरी चार-पाचच शब्द. सगळ्या आळीने तिच्या आईला धारेवर धरलं होतं. सारखा मोबाइल देते, म्हणून पोरगी अशी झाली. सासू बोलायची, नवरा बोलायचा, आणि मला हे लिहिताना त्रास होतो, पण मीही एकदा बोलले होते. ती मुलगी मोबाइल बघायची हे खरंच होतं. आवाज बंद असला तरी तितकीच रमून बघायची. ते माझ्या डोक्यात यायला चार महिने लागले. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवली. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. आज ती कानाला यंत्र लावून तिसरीत जाते आणि भरपूर बोलते.

व्हॉट्सॲपवर "व्हर्च्युअल ऑटिझम" असा एक शब्द फिरत असतो. ते डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकातलं नाव नाही. स्वमग्नता मोबाइलमुळे होत नाही, आणि मूल बघत नाही, बोलत नाही, हाकेला ओ देत नाही याची कारणं कितीतरी असतात. मोबाइल आहे म्हणून तपासायचं थांबलं तर मुलाची अमोल वर्षं जातात, आणि आईच्या मनावर जो घाव बसतो तो निराळाच. तेव्हा हा लेख वाचून कुणी सुनेला, भावजयीला सुनवायला जाऊ नये. आधी कान तपासा, डॉक्टरांना दाखवा.

आता माझ्या हातातल्या फोनबद्दल. बालवाडीचा पालकांचा ग्रुप आहे. रोज फोटो टाकायचे अशी पद्धत कधी पडली ते आठवत नाही. एखाद्या दिवशी राहिलं तर दुपारी दोनपासून विचारणा सुरू. आईबाप कामावर असतात, पोराचं तोंड बघावंसं वाटतं, त्यात चूक काही नाही. एके दिवशी एका मुलाने ठोकळ्यांचा मनोरा केला, नऊ ठोकळ्यांचा. तोवर त्याचा चारच्या वर कधी गेला नव्हता. शेवटचा ठोकळा ठेवून त्याने श्वास रोखला, हात हळूच मागे घेतले आणि मान वर करून मला शोधलं. मी समोरच होते. पण माझ्या चेहऱ्याच्या जागी फोनची पाठ होती. मी फोटो काढत होते. "छान! हस बघू!" म्हणाले. तो हसला, जसे फोटोत हसतात तसा, ओठ ताणून. मग मनोऱ्याकडे न बघताच उठून गेला.

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मनोरा छान आलाय.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात आई आणि बाळ यांच्यावर एक साधा प्रयोग केला होता. आई बाळाशी हसते, बोलते, खेळते. मग दोन-तीन मिनिटं तिने चेहरा कोरा ठेवायचा. बाळाकडे बघायचं पण हसायचं नाही, बोलायचं नाही. बाळाला लगेच कळतं. ते आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवून स्वतःतच मिटून जातं. तेवढ्या दोन मिनिटांत. अलीकडे आईच्या हातात फोन देऊन असेच प्रयोग झाले, तेव्हाही बाळं अशीच अस्वस्थ झाली. बॉस्टनजवळच्या हॉटेलांमध्ये बसून जेनी रडेस्की या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसोबत जेवायला आलेल्या 55 मोठ्या माणसांचं निरीक्षण केलं होतं. त्यांतल्या 40 जणांनी जेवताना फोन काढला, काहींनी तर तो खाली ठेवलाच नाही. ही 2014 साली छापून आलेली गोष्ट आहे. आपल्याकडे घरोघरी भरपूर डेटा यायच्या आधीची, आणि आपली नसलेली. तरी मला त्यात आमच्या गावच्या एसटी स्टँडवरचं बाकडं दिसलं. आई फोनमध्ये, बाप फोनमध्ये, मध्ये बसलेलं पोर दोघांच्या हनुवटीकडे आळीपाळीने बघतंय.

आपण मुलाच्या हातातल्या फोनबद्दल एवढं बोलतो, पण त्याच्या हातात फोन यायच्या कितीतरी आधी त्याने तो आपल्या हातात पाहिलेला असतो. ज्या वस्तूसाठी आई आपल्याकडे बघायचं थांबते, ती वस्तू जगातली सर्वांत मोलाची असली पाहिजे, असं एक वर्षाच्या बाळाला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

छोटूच्या घरी मी जुलैत गेले. तक्रार करायची नाही हे ठरवूनच गेले होते. त्याचा बाप उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर आणि एरवी मिळेल त्या गाडीवर ड्रायव्हर, घरी चार-चार दिवस नसतो. आई चोवीस-पंचवीसची. मांडीवर चार महिन्यांची मुलगी. सासूचे गुडघे गेलेले. दारात दोन म्हशी. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "बाई, धाकटीला पाजाय बसलं की ह्यो अंगावर येतो. फोन दिला की गप बसतो. तेवढ्यात तिचं पाजून बी हुतं आन् चार भाकरी बी हुत्यात."

यावर मी काय बोलणार? पूर्वी अशा वेळी पोर शेजारी जायचं. चुलत जावा असायच्या, आळीत कुणाची तरी थोरली पोरगी असायची कडेवर घेणारी. आता शेजारच्या घराला लोखंडी गेट आहे, थोरली पोरगी क्लासला जाते आणि रस्त्यावर डंपर धावतात. अंगण गेलं, आणि त्याच्या जागी जी एकच गोष्ट त्या बाईच्या हाताशी आली ती तिने दिली. बाळ जन्मलं तेव्हापासून छोटूची आई त्याच्याकडे बघेनाशी झाली होती, तिचा इलाज नव्हता, आणि तो फोनकडे बघू लागला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर आणखी बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत पडदा नको म्हणते. बरोबरच आहे. पण छोटूच्या आईला "एक तास" हा आकडा सांगून मी काय साधणार होते? तिच्या हातात घड्याळ देणं म्हणजे तिला आणखी एक अपराध देणं. मला त्यापेक्षा एका ऑस्ट्रेलियन अभ्यासातला आकडा उपयोगाचा वाटला. तिथे 220 घरांतल्या लहान मुलांच्या कपड्यांत छोटं यंत्र ठेवून दिवसभरात त्यांच्या कानावर काय पडतं ते टिपलं. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या दर जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे जवळपास सात शब्द कमी पडत होते, मूल स्वतः पाचेक वेळा कमी बोलत होतं, आणि बोलण्याची एक देवाणघेवाण बुडत होती. मिनिटाला एक. हा अभ्यास 2024 साली आला.

हे तिला मी माझ्या शब्दांत सांगितलं. फोन विष नाही, पण तो जेवढा वेळ असतो तेवढा वेळ तुझं बोलणं जातं. तुला बसायला वेळ नाही हे मला दिसतंय. भाकरी थापतानाच बोल. पीठ किती, पाणी किती, तवा तापला का. धाकटीला पाजताना त्याला सांग, तिचे पाय धर, बोटं मोज. तो अंगावर येतो कारण त्याला तू हवी आहेस.

ती काहीच बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि मला चहा दिला. सगळं ऐकत ओसरीवर बसलेले आबा, छोटूचे आजोबा, तेवढ्यात म्हणाले, "सांजच्याला मी डेअरीवर दूध घालाय जातो. न्हेतो की ह्याला."

आमच्याकडची संध्याकाळची दूध डेअरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. सहाच्या सुमाराला गावातली निम्मी माणसं किटल्या घेऊन येतात. किटल्यांची रांग लागते, माणसं बाजूला कट्ट्यावर बसतात आणि किटली आपली जागा राखते. एकेकाचं दूध मापात ओतलं जातं, फॅट लागते, चिठ्ठी मिळते. पाऊस, ऊसबिल, कुणाच्या म्हशीने लाथ मारली, सगळं तिथे बोललं जातं. छोटू तिथे रोज जायला लागला. पहिले काही दिवस आबांच्या धोतराला धरून. मग किटलीजवळ. आबा सांगत होते, पंधरा दिवसांनी त्याने विचारलं, "आबा, आपला नंबर आला?" आबा म्हणाले, "न्हाई. आदी तेंचा." "मग आपला?" "मग आपला."

ऑगस्टच्या शेवटी एकदा तो मला म्हणाला, "बाई, काल आमच्या म्होरं सात किटल्या हुत्या." मी मुद्दाम विचारलं, "मग रे? मध्येच घुसायचं ना." त्याने माझ्याकडे सरळ बघितलं, जूनपासून पहिल्यांदा इतकं सरळ, आणि म्हणाला, "असं न्हाई करायचं."

एका घराला हे जमणं फार अवघड आहे, हे मला पटत चाललंय. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तीनेक हजार वस्तीचं गाव. तिथे 2022 साली गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद राहतील. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हाती गेलेले फोन सुटेनात म्हणून, त्यांचा अभ्यास व्हावा म्हणून हे सुरू झालं. ही बातमी देशभर गेली. अभ्यास किती वाढला यापेक्षा मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. भोंगा सगळ्यांसाठी आहे. बापालाही फोन खाली ठेवायचा आहे. त्या दीड तासात "सगळे बघतात, मग मीच का नको?" या पोराच्या प्रश्नाला जागाच उरत नाही. आणि ज्या आईने फोन काढून घेतला तिचं पोर एकटं पडत नाही, कारण बाहेर इतर पोरं असतात.

तेच तर हवं असतं, इतर पोरं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, वारल्यांच्या पाड्यांवर काम करू लागल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांनी अंगणवाडी उभी केली. हा शब्द आपण सरकारी पाटीवर इतक्यांदा वाचतो की त्यातलं अंगण दिसेनासं झालंय. आज पाड्यावर काय आणि गावात काय, भिंती आणि पाट्या आहेत, अंगण उरलं नाही. मुलाला दुसरं मूल सापडेल अशी मोकळी जागा, जिथे मोठं माणूस नजर ठेवून असेल पण मध्ये पडणार नाही. ही जागा कुणी दिली तर फोनशी भांडायची वेळ निम्म्याने कमी येईल, असं मी माझ्या बावीस वर्षांच्या जोरावर म्हणते.

बालवाडीत मी दोन गोष्टी बदलल्या. फोटो आठवड्यातून एकदाच, शनिवारी, सुटायच्या आधी. एरवी फोन कपाटात, पोह्यांच्या डब्यामागे. पालक आठवडाभर कुरकुरले. मग एका बापाने ग्रुपवर लिहिलं की आता घरी आल्यावर पोरगी स्वतः सांगते काय काय केलं ते. पूर्वी फोटो बघितलेले असायचे, त्यामुळे विचारायचं कुणी नाही.

दुसरी गोष्ट, छोटूला कच्चं लिंबू केलं. मोठ्या गटातल्या मुलांना बोलावून सांगितलं, तर एकीने लगेच विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "तो सांगेल तोवर." आणि त्यांनी ते पाळलं. जुलै गेला, गणपती गेले, घट बसले. तो त्यांच्यात पळायचा, सगळे ओरडले की ओरडायचा, लपाछपीत दुसऱ्याच्या पाठीला चिकटून लपायचा आणि दोघंही सापडायचे. त्याबद्दल त्याला कुणी बोललं नाही. एकदा त्याने एका पोरीला ढकललं, तिचं ढोपर फुटलं. ती रडली. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, बराच वेळ, मग आत जाऊन माझ्या टेबलावरून हळदीची डबी घेऊन आला. उघडता येईना म्हणून तिच्याच हातात दिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा का तिसरा दिवस. थंडी पडायला लागली होती, मुलं स्वेटर घालून गोल फुगलेली. लपाछपी मांडली. मी मोजायला लागले आणि छोटूच्या डोक्यावरून नेहमीप्रमाणे हात न ठेवता पुढे गेले. त्याने माझा हात धरला.

"मला बी मोजा."

"अरे, तू कच्चं लिंबू ना?"

"मी न्हाई आता कच्चं लिंबू."

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा त्याच्यावर आला नाही, दुसऱ्यावर आला. त्याचं तोंड पडलं. पुढच्या डावात परत नाही. तिसऱ्या डावात आला. मी श्वास धरून होते. तो भिंतीकडे गेला, जूनमध्ये जिथे टेकून बसला होता त्याच भिंतीकडे, तोंड आत करून डोळ्यांवर हात घेतले आणि मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. सात विसरला. मग स्वतःच थांबला, "न्हाई न्हाई" म्हणाला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. तेवढ्यात दोघांनी आपली जागा बदलली.

मी पाण्याच्या टाकीमागे लपले होते. तो सगळ्यांना शोधत हिंडत होता, माझ्या दोनदा जवळून गेला. माझा नंबर सर्वांत शेवटी लागला.